मांजरं कुणाच्या भरवशावर?

मी चँडलर, ॲरिझोनाहून बोलतोय. आयटीत कन्सल्टंट आहे, वय चाळिशीच्या पलीकडे, घरात बायको, आठवीतली मुलगी आणि दोन मांजरं. बोका बंड्या, केशरी रंगाचा, सात वर्षांचा. आणि मनी, करडी, पट्ट्यापट्ट्यांची, वय नक्की माहीत नाही, कारण ती रस्त्यावरून आलेली आहे.

एप्रिल महिना आला की आपल्या सगळ्यांच्या घरी एकच विषय असतो, भारतवारीची तिकिटं. किती बॅगा, कुठला मार्ग, मुंबईहून पुण्याला गाडी कोण पाठवणार, सगळ्यावर चर्चा होते. आणि मग निघायच्या तीन आठवडे आधी कुणाच्या तरी लक्षात येतं, ‘अरे, मांजरांचं काय?’ आमच्या ओळखीत आता इतकी मांजरं झाली आहेत की कार्यक्रमाच्या ताई मला म्हणाल्या, तुम्ही यावरच बोला. म्हणून आज २०२३ च्या उन्हाळ्यातला आमचा अनुभव सांगतो. त्यात थोडी फजिती आहे, आणि एक गोष्ट अशी आहे जिचा मांजरांशी थेट संबंध नाही. तीही सांगणार आहे.

सुरुवातीला आमच्या गावाबद्दल एक गंमत. चँडलर हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते डॉक्टर अलेक्झांडर जॉन चँडलर जनावरांचे डॉक्टर होते. मूळचे कॅनडाचे. १८८७ मध्ये ते ॲरिझोनात आले, तेव्हा हे राज्यही झालेलं नव्हतं. या प्रदेशाचे ते पहिले सरकारी पशुवैद्य. पुढे त्यांनी जमीन घेतली, कालवे काढले आणि १९१२ मध्ये इथे गाव वसवलं. म्हणजे आज ज्या गावात इंटेलचे कारखाने आहेत आणि दर चार घरांमागे एक आयटीवाला आहे, ते गाव एका गुरांच्या डॉक्टरनं वसवलेलं आहे. इथल्या माणसानं तरी मांजराची सोय नीट करायला हवी, नाही का?

आमच्यापुढे पर्याय कोणते होते ते सांगतो. पहिला पर्याय आपला नेहमीचा, मित्राकडे ठेवू. पण आपल्या मित्रमंडळींची अडचण अशी की सगळे एकाच वेळी भारतात जातात. चँडलरच्या शाळा मे महिन्याच्या शेवटी सुटतात आणि जुलैतच पुन्हा सुरू होतात. त्यामुळे जून महिन्यात इथलं अर्धं मराठी मंडळ पुण्या-मुंबईत, नाशकात नाहीतर कोल्हापुरात असतं. जे इथे उरतात त्यांच्याकडे कुणाला तरी ॲलर्जी असते, नाहीतर सासूबाई आलेल्या असतात.

दुसरा पर्याय बोर्डिंगचा. जागा स्वच्छ असते, देखरेख असते, आणि रोज औषध लागणाऱ्या किंवा आजारी मांजराला तेच बरं पडतं. पण आपल्याकडे म्हणतात ना, कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते खरी, पण ती घरं ती स्वतः निवडते. अनोळखी जागा, अनोळखी वास आणि शेजारच्या खोलीत भुंकणारी कुत्री, हे आमच्या मनीला दोन दिवससुद्धा सोसलं नसतं. पाच आठवडे तर दूरच.

तिसरा पर्याय, सोबत भारतात न्यायचं. चौकशी केली. लसीकरणाचे दाखले, आरोग्याचा दाखला, भारतातल्या प्राणी क्वारंटाइन खात्याची परवानगी, आणि फिनिक्सहून भारतात थेट विमान नसल्यामुळे मध्ये किमान एकदा विमान बदलणं. कायमचं परत जाणाऱ्यांनी हे जरूर करावं. पाच आठवड्यांच्या सुट्टीसाठी मांजराला एवढा ताप द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं.

चौथा पर्याय माझ्या डोक्यातून निघाला होता. वेळेवर खाणं टाकणारं यंत्र, पाण्याचं कारंजं, आपोआप साफ होणारा लिटर बॉक्स, तीन कॅमेरे, आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी डोकावून जाईल. माझ्या धंद्यात आम्ही हेच विकतो, सगळं आपोआप. बायको म्हणाली, ‘यंत्र खाणं टाकेल. ते खाल्लं की नाही हे कोण बघणार?’ मी म्हटलं, कॅमेऱ्यात दिसेल. ती म्हणाली, ‘दोन मांजरांपैकी कुणी खाल्लं ते?’ मला उत्तर सुचलं नाही.

तिचा मुद्दा बरोबर होता, आणि त्यामागे वैद्यकीय कारणही आहे. मांजरानं, विशेषतः लठ्ठ मांजरानं, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. माणसाचा उपास आणि मांजराचा उपास यांत फार फरक आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा डोकावणं पुरत नाही. रोज कुणीतरी यायलाच हवं.

शेवटी आम्ही घरी येणारी सिटर शोधली. शोधायचं कुठे? ॲप आहेत, ते तुम्हाला माहीत आहेत. त्याशिवाय या व्यवसायाच्या जुन्या संघटना आहेत. नॅशनल असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पेट सिटर्स ही १९८९ पासूनची आणि पेट सिटर्स इंटरनॅशनल ही १९९४ पासूनची. त्यांच्या संकेतस्थळांवर आपल्या भागातले सिटर शोधता येतात. आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपल्या मांजराच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं स्वागत टेबल. तिथल्या माणसांना कोण कामाचं आहे ते बरोबर ठाऊक असतं. आम्हाला आमच्या सिटरबाई तिथेच कळल्या. निवृत्त शाळाशिक्षिका, साठीच्या आसपास, फक्त मांजरंच सांभाळतात.

इंग्रजीत ‘बाँडेड’ आणि ‘इन्शुअर्ड’ असे दोन शब्द तुमच्या कानावर येतील. बाँड असतो तो घरातून काही चोरीला गेलं तर, आणि विमा असतो तो त्यांच्या हातून काही नुकसान झालं किंवा जनावराला इजा झाली तर. दोन्हीचे कागद मागायला संकोच करू नका. आपल्याला वाटतं, बाई इतकी चांगली आहे, कागद कसे मागायचे? चांगल्या सिटर स्वतःहूनच कागद दाखवतात.

पहिल्या भेटीत मी त्यांची मुलाखत घ्यायच्या तयारीत बसलो होतो. झालं उलटंच. त्यांनीच माझी मुलाखत घेतली. बंड्या दिवसातून किती वेळा लघवीला जातो? मला माहीत नव्हतं. मनी घाबरली की कुठे लपते? मुलीनं सांगितलं, धुण्याच्या यंत्रामागे. खाणं बदललं तर पोट बिघडतं का? घरात लिलीची फुलं असतात का? हा प्रश्न लक्षात ठेवा. लिली मांजरांना अत्यंत विषारी असते, पानं, फुलं, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा, आणि त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. तसंच टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. ते मांजराला चुकूनही द्यायचं नाही.

मग त्यांनी एक शनिवार-रविवार रंगीत तालीम करायला सांगितली. आम्ही सेडोनाला गेलो आणि त्या घरी येऊन गेल्या. त्यात कळलं की आमची मागच्या दाराची किल्ली अडकते, आणि गॅरेजचा कोड मी त्यांना चुकीचा दिला होता. तालीम केली नसती तर हे मला पुण्यात कळलं असतं.

आता माझा पराक्रम. मी एमबीए माणूस. कामाची हँडओव्हरची कागदपत्रं कशी असतात ते मला चांगलं माहीत. मी मांजरांसाठी नऊ पानांचा दस्तऐवज तयार केला. त्यात तक्ता होता, फोटो होते, काय झालं तर कुणाला किती वेळात कळवायचं याचा आराखडा होता. सिटरबाईंनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, ‘फार छान आहे. पण मला यातल्या तीनच गोष्टी हव्या आहेत, आणि त्या यात नाहीत.’

पहिली, तुमच्या गैरहजेरीत डॉक्टरकडे न्यायचा अधिकार मला आहे, असं सहीचं पत्र. दुसरी, तुम्हाला न विचारता मी किती डॉलरपर्यंत खर्च करू शकते तो आकडा. तिसरी, तुम्ही फोन उचलला नाही तर तुमच्या वतीनं निर्णय घेईल अशी इथली एक व्यक्ती. नऊ पानांत मी बंड्याला कुठल्या बाजूला खाजवलेलं आवडतं ते लिहिलं होतं, पण हे लिहिलं नव्हतं. आम्ही पत्र केलं, १५०० डॉलरचा आकडा लिहिला आणि गिल्बर्टमधल्या एका मैत्रिणीचं नाव दिलं, कारण ती त्या वर्षी भारतात जाणार नव्हती. डॉक्टरांच्या दवाखान्यात आमचं कार्डही नोंदवून ठेवलं.

आणि आमच्या वाळवंटातल्या लोकांसाठी एक खास सूचना. एसी बंद करून जायचं नाही. ८० फॅरनहाइटवर ठेवायचा, आणि एसीवाल्याचा नंबर फ्रिजवर लावायचा. इथला पावसाळी वादळांचा हंगाम १५ जूनला सुरू होतो असं हवामान खातं मानतं. वादळात वीज गेली आणि एसी परत सुरूच झाला नाही, तर बंद घर काही तासांत तापतं. म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या ठरवल्या. फेरीचे २५ डॉलर, ७६ फेऱ्या, म्हणजे १९०० डॉलर. बायको म्हणाली, ‘चला, आपण तिघं नाही, चौघं चाललोय असं समजू.’ तेवढ्यालाच आमचं एक तिकीट पडलं होतं.

१ जूनला आम्ही निघालो आणि ३ तारखेला पुण्यात पोचलो. आई कोथरूडला एकटीच राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. तिचं वय ७८. दिवसरात्र तिच्यासोबत एक मावशी असतात, ब्यूरोकडून आलेल्या, दीड वर्षापासून. स्वभावानं शांत, हाताला चव. आमचं चांगलं चाललंय असं मी सगळ्यांना सांगायचो.

सिटरबाई रोज दोन फोटो आणि चार ओळी पाठवायच्या. मनी आज बाहेर आली. बंड्यानं सगळं खाल्लं. लिटरमध्ये लघवीचे गोळे पाच. त्या गोळे मोजायच्या, रोज! मुलीला आणि मला त्याचं हसू यायचं. नाश्त्याला बसलं की मुलगी विचारायची, ‘बाबा, आजचा स्कोअर काय?’

शनिवार, २४ जून. पुण्यात रात्रीचे आठ वाजले होते. पाऊस तोवर आलेला नव्हता, उकडत होतं. आमच्याकडे मावसभाऊ जेवायला आले होते. फोन वाजला. चँडलरमध्ये सकाळचे साडेसात. सिटरबाई म्हणाल्या, ‘रात्रीपासून बंड्याचा एकही गोळा नाही. मी आल्यापासून तो चार वेळा बॉक्समध्ये जाऊन बसला, जोर करतोय, ओरडतोय, काही होत नाही.’

मी काय म्हणालो ते प्रामाणिकपणे सांगतो. म्हटलं, ‘पोट कडक झालं असेल. संध्याकाळपर्यंत वाट बघू या का?’ शनिवारी आमचे डॉक्टर बंद असतात, इमर्जन्सीचं हॉस्पिटल महाग, आणि समोर पाहुणे पानावर बसलेले. त्या म्हणाल्या, ‘नाही. हा बोका आहे. मी आत्ता निघतेय. तुमची सही माझ्याकडे आहे.’

मंडळी, ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी हे नीट ऐका. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. तिच्यात खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडं काम करेनाशी होतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकतं. बोका वारंवार बॉक्समध्ये जातो आणि काहीच होत नाही, हे पोट कडक झाल्यासारखं दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो. शंका आली तर वाट बघायची नाही. लगेच दवाखाना.

साडेदहाला पुन्हा फोन. नळी तुंबलेलीच होती. भूल देऊन कॅथेटर घालायचं, दोन रात्री ठेवायचं, अंदाजे खर्च २८०० डॉलर. माझा आकडा होता १५००. त्या विचारत होत्या, हो की नाही?

मी गप्प झालो. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांना हे विचित्र वाटेल, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांनाही वाटेल. शेजारच्या खोलीत आई झोपली होती. आईच्या मावशींना आम्ही महिन्याला देतो त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती, एका बोक्याच्या दोन रात्रींसाठी. हा हिशोब माझ्या डोक्यात आला, खोटं कशाला बोलू. मी हिशोब करत असतानाच बायकोनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, ‘हो. करा.’

त्यानंतर वेगळीच पंचाईत. आमचं कार्ड नोंदवलेलं होतं नेहमीच्या दवाखान्यात, आणि हे हॉस्पिटल दुसरंच. मी पुण्यातून कार्ड द्यायला गेलो तर बँकेला संशय आला आणि पैसे अडले. खात्री करायचा संदेश गेला माझ्या अमेरिकन नंबरवर, आणि ते सिम माझ्या पाकिटात. शेवटी गिल्बर्टची मैत्रीण गाडी काढून गेली आणि तिनं आपलं कार्ड दिलं. तिचं नाव पत्रात होतं म्हणून पुढचं सगळं सुरळीत झालं. बंड्या सोमवारी घरी आला, नव्या पथ्याच्या ओल्या खाण्यासह. सिटरबाईंनी फेऱ्या दोनाच्या तीन केल्या. आम्ही नसल्याच्या ताणानं हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ताण हे एक कारण असू शकतं, पाणी कमी पिणं, वजन ही बाकीची कारणं असतात. नक्की एक सांगता येत नाही.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं ती दुसरी गोष्ट.

रविवारी सकाळी आई चहा घेत बसली होती. तिला सगळी हकीगत सांगितली. नऊ पानं, त्यांची तीन झालेली, सहीचं पत्र, मोजलेले गोळे. तिला मजा वाटली. मग तिनं विचारलं, ‘आणि या मावशींना काय लिहून दिलंयस?’

मी म्हटलं, त्यांच्याकडे माझा नंबर आहे की. काही लागलं तर कळवा, असं सांगितलंय.

आई काही बोलली नाही. बशीत चहा ओतला आणि प्यायली.

दुपारी आई झोपल्यावर मी मावशींसोबत स्वयंपाकघरात बसलो. दीड वर्षात पहिल्यांदाच. विचारलं, आईच्या तब्येतीत तुम्हाला काही वेगळं वाटतं का? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘संध्याकाळी पायाला सूज येते ना त्यांच्या. मेच्या सुरुवातीपासून.’

मी म्हटलं, ‘मावशी, मग सांगितलं का नाही?’

त्या म्हणाल्या, ‘आधी वाटलं, एवढ्या लांब उगीच कशाला काळजी. संध्याकाळी दिसते, तेव्हा तुमच्याकडे रात्र असते, झोपमोड होईल. मग तुम्ही आलात. म्हटलं, आता तुम्ही बघालच.’

मी तीन आठवडे त्या घरात होतो. त्याच सोफ्यावर बसत होतो. चौदा हजार किलोमीटरवरच्या बोक्याच्या लघवीचे गोळे मला रोज माहीत होते, आणि समोर बसलेल्या आईच्या पायांकडे मी पाहिलं नव्हतं. साडीखाली झाकलेले असतात, संध्याकाळी आम्ही खरेदीला नाहीतर नातेवाइकांकडे असायचो, ही कारणं खरी आहेत. पण ती कारणंच.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हृदय आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या. दोन्ही ठीक निघालं. आईची रक्तदाबाची गोळी अम्लोडिपिन होती आणि तिनं पायावर सूज येते, हे पुष्कळांना होतं. त्यांनी गोळी बदलली. पुढच्या दोन आठवड्यांत सूज उतरली. यावेळी एवढ्यावरच निभावलं.

आषाढीच्या दिवशी, २९ जूनला, उपासाची खिचडी खाऊन आम्ही तिघं बसलो, आई, मावशी आणि मी, आणि एक पान लिहिलं. आई म्हणाली, ‘आता मला मांजरांच्या रांगेत बसवलंस होय!’ पण मग चष्मा लावून वाचायला लागली आणि दोन ओळी तिनं खोडल्या. एक होती, रोज सकाळी वजन करून कळवणे. ती म्हणाली, ‘मला बोलता येतं. बंड्याला येत नाही. लिहायचं ते मला विचारून लिही.’ बरोबर होतं तिचं. दुसरी ओळ कुठली ते ती मला सांगू देणार नाही.

त्या पानावर काय आहे? कुठलं हॉस्पिटल. मावशी मला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतात, आणि ते पैसे कपाटात कुठे ठेवलेत. मी फोन उचलला नाही तर पुण्यातलं कोण, म्हणजे माझा मावसभाऊ, त्याला विचारून. आणि कुठल्या गोष्टींसाठी वाट बघायची नाही, त्यांची यादी. श्वास लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना शब्द अडखळणं, पडणं.

मावशींनी त्यात एकच प्रश्न घातला. ‘रात्री फोन केला तर चालेल का?’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीड वर्षात त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पुण्यातली रात्र हा आमचा दिवस असतो. ॲरिझोनात घड्याळं मागं-पुढं करत नाहीत, त्यामुळे आपलं अंतर बाराही महिने सारखंच, साडेबारा तास. पुण्यात रात्रीचे बारा म्हणजे चँडलरमध्ये सकाळचे साडेअकरा. मी तेव्हा कामावर जागा असतो. त्यांच्याकडची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट नाहीतर सकाळ. आम्ही लक्ष्मी रोडवरून एक साधं घड्याळ आणलं, चँडलरची वेळ लावली आणि स्वयंपाकघरात टांगलं. खाली मुलीनं चिठ्ठी चिकटवली, ‘कधीही फोन करा.’

९ जुलैच्या रात्री आम्ही परत आलो. विमानतळाचं दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढल्यासारखं झालं. तुम्हाला आठवत असेल, त्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला. आम्ही उतरलो तो त्यातला दहावा दिवस. घरात ८० होतं. मनी धुण्याच्या यंत्रामागे गेली, आमच्याकडे अनोळखी माणसांसारखं पाहिलं. बंड्या आला, बॅगेचा वास घेतला आणि तिच्यावरच झोपला.

टेबलावर सिटरबाईंची वही होती आणि वहीत बिल होतं. त्यात त्या शनिवारचे पाच तास आणि वाढवलेल्या फेऱ्या लिहिलेल्या होत्या. आपल्या मनात येतं, इतकी घरच्यासारखी झालेली बाई, हेही लावलं का? लावायलाच हवं. पाच तास दवाखान्यात बसल्या होत्या त्या. आम्ही पूर्ण बिल दिलं, आणि त्याच महिन्यापासून मावशींचा पगार वाढवला, आठवड्याची एक सुट्टी पक्की केली. तोवर त्यांना पक्की सुट्टी नव्हती, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

तर मंडळी, या उन्हाळ्यात जाणार असाल तर थोडक्यात सांगतो. सिटर किमान दोन महिने आधी ठरवा, जूनमध्ये सगळ्यांनाच हव्या असतात. रोजची फेरी हवी, आणि उन्हाळ्यात आमच्यासारख्या ठिकाणी दोन. एक शनिवार-रविवार तालीम करा. सहीचं पत्र, खर्चाचा आकडा आणि इथला एक माणूस, हे तिन्ही कागदावर आणा. आकडा घरात आधी बोलून ठरवा. तो कमी असला तरी चालेल, प्रत्येकाची ऐपत वेगळी असते, पण परदेशातून रात्री साडेदहाला ठरवायची ती गोष्ट नाही. इमर्जन्सीचं हॉस्पिटल कुठलं, तिथे पैसे कोण आणि कसे भरणार, तेही बघा. अमेरिकन नंबर भारतात चालू राहील अशी सोय करा. मायक्रोचिपच्या नोंदीत तुमचा सध्याचा नंबर आहे ना, ते तपासा. लिली असेल तर घराबाहेर काढा.

आणि भारतात पोचलात की पहिल्या आठवड्यात, खरेदीच्या आधी, आईवडिलांसोबत जे कुणी राहतं त्यांच्याशेजारी अर्धा तास बसा. त्यांना विचारा, तुम्हाला काय दिसतंय?

बंड्या ठीक आहे. पाणी भरपूर पितो. काल सकाळी आईचा फोन होता, तो मागून ओरडत होता. ती म्हणाली, ‘आजचा स्कोअर काय त्याचा?’ मी जाऊन मोजून आलो आणि सांगितलं. चार.